कॉस्मिकवॉच म्युऑन डिटेक्टर: घ्यायचा तर जोडीनेच

इंदूरमधल्या शाळेला किंवा कॉलेजला कणभौतिकीचं खरंखुरं उपकरण हवं असेल, तर कॉस्मिकवॉचची दुसरी आवृत्ती जरूर घ्यावी. एमआयटीत स्पेन्सर अक्सानी यांनी विकसित केलेला हा डिटेक्टर म्युऑन मोजतो, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होऊन जमिनीपर्यंत पोहोचणारे, इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण. सर्किटचे आराखडे आणि प्रोग्रॅम फुकट मिळतात, सुट्या भागांना साधारण 100 डॉलर लागतात. पण एक घेऊन थांबू नका. दोन घ्या.

आत 5 × 5 × 1 सेंटिमीटरची सिंटिलेटर प्लॅस्टिकची, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकची, वडी असते. म्युऑन तिच्यातून आरपार गेला की सुमारे 2 एमईव्ही (20 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा मागे सोडतो आणि क्षणभर निळसर प्रकाश चमकतो. 6 मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (सायपीएम) हा प्रकाशसंवेदक तो टिपून विजेचा पल्स देतो. हा पल्स मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर संपतो, आणि तो मोजणाऱ्या आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला एक वाचन करायलाच 100 मायक्रोसेकंद लागतात. म्हणून मध्ये पल्सचं शिखर धरून ठेवणारं सर्किट घातलं आहे. इतक्या स्वस्त चिपकडून हे काम करून घेणं, ही या रचनेची खरी करामत.

जोडणीत बहुतेक चुका वडी गुंडाळताना होतात. आधी सायपीएमवर ऑप्टिकल जेल, मग वडीभोवती ॲल्युमिनियम फॉइल, वरून काळ्या टेपचे दोन थर. बोर्डाच्या पिना जिथून बाहेर येतात त्या कोपऱ्यातून हमखास उजेड शिरतो. टॉर्च मारून पाहा; पल्सचा आकडा उसळला तर टेप अपुरी आहे. वडीला उघड्या बोटांनी हात लावू नका. ॲसिटोन किंवा थिनरने तर मुळीच पुसू नका, पृष्ठभागावर बारीक तडे जातात.

आता जोडीचं कारण. एकटा डिटेक्टर म्युऑनबरोबर भिंती, फरशी आणि जमिनीतून येणारे गॅमा किरणही मोजतो. माळव्याच्या काळ्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम, युरेनियम, थोरियम कमी. ग्रॅनाइटमध्ये बरंच जास्त. त्यामुळे तोच डिटेक्टर स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला तर आकडा वाढू शकतो, आणि ती वाढ आकाशातून आलेली नसते. म्युऑन दोन्ही वड्यांतून आरपार जातो, गॅमा किरण मात्र सहसा एकाच वडीत नोंदला जातो. म्हणून दोन डिटेक्टर एकावर एक ठेवून 3.5 मिलिमीटरच्या ऑडिओ केबलने जोडले, की दोन्हींत एकदम आलेले पल्सच वेगळे नोंदता येतात. प्रत्येकी सेकंदाला 2 पल्स आणि ‘एकदम’ म्हणजे 30 मायक्रोसेकंदांच्या आत असं धरलं, तर योगायोगाने जुळलेली जोडी तासाला एखादीच निघते.

मात्र धीर हवा. वड्यांमध्ये 5 सेंटिमीटर अंतर असेल तर मिनिटाला सातेक म्युऑन मिळतात. 1 टक्का अचूकतेला 10,000 नोंदी लागतात, म्हणजे पूर्ण एक दिवस. जोडी उभ्या दिशेपासून 60 अंश कलवली की दर सुमारे चौथाईवर येतो आणि तेवढ्याच अचूकतेला चार दिवस जातात. तासाभराच्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रयोग बसवू नये.

इंदूरच्या उन्हाळ्याचा विचार आराखड्यात नाही. सायपीएमला 29.5 व्होल्टचा स्थिर दाब मिळतो, पण त्याचा ब्रेकडाऊन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करू लागतो) दर अंशाला सुमारे 21.5 मिलिव्होल्टने चढतो. जानेवारीतल्या 15 अंशांवरून मे महिन्यातल्या 42 वर गेलं की गेन, म्हणजे पल्स मोठा करण्याची क्षमता, बाराएक टक्क्यांनी पडतो. थ्रेशोल्ड (ज्याच्या खालचे पल्स मोजले जात नाहीत ती पातळी) थंडीत लावून उन्हाळ्यात तसाच ठेवला तर दुबळे पल्स निसटतात, आणि म्युऑनच कमी झाले असं वाटतं. प्रत्येक नोंदीसोबत खोलीचं तापमान लिहा. स्वस्त चार्जरच्या खरखरीनेही खोटे पल्स येतात. पॉवरबँक बरी, मात्र इतक्या कमी करंटवर काही पॉवरबँक आपोआप बंद पडतात.

इंदूरच्याच आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-2 या कणत्वरकात इलेक्ट्रॉन 2.5 जीईव्हीचे (1 जीईव्ही म्हणजे 1000 एमईव्ही) असतात. जमिनीवर पोहोचणारा सरासरी म्युऑन सुमारे 4 जीईव्हीचा. एवढं मुलांना सांगा, मग त्या डब्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

यात डार्क मॅटर, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, सापडेल का, हा प्रश्न येतोच. नाही. डार्क मॅटरचा मानला जाणारा विम्प कण अणुकेंद्रावर आदळला तर काही केईव्हीचीच (1 केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) चाहूल लागेल, म्युऑनच्या शेकडो पटींनी क्षीण. ती ऐकायची तर आधी म्युऑनचा गलबला थांबवावा लागतो. म्हणूनच डार्क मॅटर शोधणाऱ्या एलझेड प्रयोगाचा 7 टन झेनॉन अमेरिकेत जमिनीखाली दीड किलोमीटर खोल ठेवला आहे, आणि झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटरवर प्रयोगशाळा आहे. तिथे जे टाळायचं असतं, तेच ही जोडी टेबलावर मोजून दाखवते.