काळ्या रानात स्क्रू पाईल: एक पावसाळा काढल्यावर

स्क्रू पाईल म्हणजे खालच्या टोकाला गोल पाती असलेला लोखंडी दांडा, स्क्रूसारखा फिरवून जमिनीत उतरवायचा पाया. सोलरच्या सांगाड्याखालचे असे काही पाईल पावसाळ्यात उचलले, काही दबले आणि ठेकेदाराचं एकच पालुपद: ‘टॉर्क पुरा मिळाला होता.’ टॉर्क, म्हणजे दांडा फिरवायला लागणारा पिळाचा जोर, मिळाला होताच. पण कुठल्या मातीत?

बेळगाव जिल्ह्यात रायबाग-गोकाककडं, घटप्रभेच्या कालव्याखालच्या काळ्या रानात मशीन उन्हाळ्यातच शिरतं. तेव्हा वरची माती भेगाळून टणक झालेली असते. ७६ मिमीचा दांडा, ३०० मिमीची एक पाती, आणि दोन मीटर खोलीवरच टॉर्कचा काटा २ किलोन्यूटन-मीटर दाखवतो. या दांड्याला टॉर्कचा गुणक, म्हणजे टॉर्कवरून पाईल किती भार पेलेल ते काढायचा आकडा, साधारण ३०. म्हणजे कागदावर ६० किलोन्यूटन, सहा टन. हीच माती भिजून तिची शिअर स्ट्रेंथ (घसरण्याला माती करते तो विरोध) २५ किलोपास्कलवर आली की ९ (चिकणमातीसाठीचा गुणक) × २५ × ०.०७ चौरस मीटर (पातीचं क्षेत्रफळ), जेमतेम १६ किलोन्यूटन. अडीचचा सुरक्षा गुणक लावल्यावर साडेसहाशे किलो! टॉर्क बघून दोन मीटरवर थांबणं म्हणजे लोखंडाचे पैसे वाचवणं, दुसरं काही नाही.

जुलैत माझं मत असं होतं की या मातीत अंडर-रीम्ड पाईलच, म्हणजे तळाशी फुगवटा असलेला काँक्रीटचा पाईलच, बरा. ऑक्टोबरपर्यंत ते बदललं, कारण त्याच ओळीतले चार मीटर उतरवलेले पाईल ओळंब्यात आहेत. फुगणारी-आकसणारी माती मुख्यतः वरच्या साडेतीन मीटरची. पाती त्यात अडकली तर माती तिला घेऊनच वर येते; खाली मुरमात बसली तर तीच पाती दांडा धरून ठेवते.

बसवताना टॉर्कइतकंच फेऱ्यांकडं बघा. पिच (एका फेरीत पाती जितकी खाली जायला हवी ते अंतर) ७५ मिमी असेल तर चार फेऱ्यांत ३०० मिमी खाली जायला हवं. दांड्यावर आधीच रंगाच्या खुणा करा. निम्मंच उतरत असेल तर पाती माती घुसळतेय, आणि घुसळलेल्या चिकणमातीची ताकद परतायला काही आठवडे लागतात. लोड टेस्ट लगेच घेऊ नका. दांड्याभोवतीची फट तशीच ठेवली तर पाणी थेट पातीपर्यंत जातं. तीच माती ओली करून ठोकून भरा. खानापूरच्या जांभ्यात मात्र हे पाईल नेण्याच्या भानगडीत पडू नका.

एक गुण मान्य: दुरुस्ती सोपी. वरची प्लेट काढायची, दीड-दोन मीटरचा जोड सगळे बोल्ट घालून कसायचा, पुन्हा फिरवायचं. काँक्रीटच्या पाईलला हे जमत नाही. करारात फक्त टॉर्क लिहू नका, ‘किमान खोली चार मीटर’ हेही लिहून घ्या. नाहीतर जोडाचे पैसे तुमच्याच बोकांडी बसतात.