जुना शिक्का की बंद दार: जीलिबसी आणि ओपनएसएसएल

लिनक्सवरील जीलिबसी या मूलभूत सी लायब्ररीने २०११ मध्ये, २.१४ आवृत्तीत, ६४-बिट इंटेल यंत्रांसाठी मेमसीपीवाय हे मेमरीची नक्कल करणारे फंक्शन नव्या शिक्क्याने, म्हणजे आवृत्तीच्या नव्या खुणेने, दिले आणि २.२.५ या जुन्या शिक्क्याआड एकमेकांवर चढलेल्या भागांचीही नीट नक्कल करणारे मेममूव्ह बसवले; त्यामुळे अशा भागांसाठी चुकीने मेमसीपीवाय वापरणारे आधीचे प्रोग्रामही पुन्हा न बांधता सुरळीत चालले. (चुकीचेही लाड पुरवावेत का, हा प्रश्न उरतोच.)

उलट, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने २०१६ च्या १.१.० आवृत्तीत स्ट्रक्चरांची, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यांची, आतील फील्ड बाहेरच्या कोडपासून झाकली. आरएसए या कूटलेखन पद्धतीच्या किल्लीतील ‘एन’ ही संख्या थेट वाचणारा कोड कंपाइलच होईना. त्यासाठी वेगळे फंक्शन वापरणे भाग पडले. हा त्रास मला रास्त वाटतो, कारण झाकलेले फील्ड पुढे कोणालाही न दुखवता बदलता येते.