ऑटोमेशनवाल्याने १,४१० डॉलरना गंडवलं

आकडा आधीच सांगते, म्हणजे "जाऊ दे, थोडक्यात निभावलं" म्हणायला कुणी येणार नाही. आगाऊ ३५०, 'सर्व्हर'चे २२०, दरमहा ६० प्रमाणे चार महिन्यांचे २४०, आणि अडवून ठेवलेला वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांची साखळी) सोडवायला ६००. एकूण १,४१० डॉलर.

काम साधं होतं. फॉर्म भरला की नोंद गुगल शीटमध्ये, आमच्या कोडने हिशेब, मग स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, मेसेज. याच माणसाने आधी ४० डॉलरचं काम फ्रीलान्सिंग साइटवरून चोख करून दिलेलं. पाच स्टार मीच दिले. मग "कमिशन वाचेल मॅडम" म्हणत व्यवहार साइटबाहेर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

डेमो मात्र डोक्यातून जात नाही. वेबहुकचा, म्हणजे फॉर्मची माहिती आपोआप जिथे जाते त्या लिंकचा, पत्ता आमच्या डोमेनचा नव्हता, त्याच्या डोमेनचा होता. डोळ्यांसमोर! मी विचारलंही. म्हणे, "प्रॉक्सी आहे, स्पीड वाढतो." पाठोपाठ परवानगीची खिडकी: तुमच्या सगळ्या स्प्रेडशीट पाहणे, बदलणे, डिलीट करणे. हवी होती एक शीट. मी 'अलाउ' दाबलं. ती खिडकी वाचतं कोण? आणि एकदा नीट काम केलेल्या माणसावर संशय घ्यायचा तरी कशावरून?

ऑटोमेशनचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, कारागिराला पाहुणा म्हणून आत घ्या. माझं उलट होतं. त्याने ६० चे १५० मागितले, मी नाही म्हटलं, आणि सगळं बंद. वर स्लॅकवर मेसेज टाकणाऱ्या वेबहुकवरून ऑफिसच्या चॅनेलवर, सगळ्यांदेखत: "मॅडमनी बिल थकवलंय." वेबहुकची लिंक म्हणजे पासवर्डच, ज्याच्या हाती, तो बोलणार.

६०० भरल्यावर झिप आली. आत तीसेक ओळींचं जावास्क्रिप्ट, जे गुगलच्याच अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये फुकट चाललं असतं. आणि 'बॅकअप' नावाची एक स्टेप: प्रत्येक ग्राहकाचं नाव, फोन, ईमेल भलत्याच पत्त्यावर.

साइट म्हणाली, व्यवहार बाहेर झाला, आमचा संबंध नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, मग फसवणूक कसली? ऑटोमेशन कंपनीचं उत्तर तर फ्रेम करून लावावं असं: खातं त्याच्या नावावर असल्याने 'गोपनीयतेमुळे' माहिती देता येत नाही. त्याची गोपनीयता! माझ्या ग्राहकांचे नंबर उघड्यावर, आणि जपायचं कुणाला, तर त्याला. पोलिसांत वेबहुक समजावता समजावता घसा बसला. शेवटी 'वेबसाइट हॅक' असं लिहून घेतलं. वेबसाइट हॅक झालीच नाही हो! मग तपास कशाचा करणार?

पासवर्ड बदलून निवांत बसू नका. एपीआय की (एका प्रोग्रॅमला तुमच्या खात्यात शिरू देणारी किल्ली) त्याने मरत नाही, वेगळी रद्द करावी लागते. गुगल खात्यात जोडलेल्या अ‍ॅप्सची यादी उघडा आणि अनोळखी दिसेल ते काढा, आत्ताच.

त्याचं प्रोफाइल अजून चालू आहे. माझे पाच स्टार काढा म्हटलं, तर मुदत संपली म्हणतात.