१० मीटरची ट्रेनिंग लाइन: कुत्रं मोकळं सोडायचं मनात असेल तर आधी ही घ्या

कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच की याला एकदा मोकळं सोडावं, मनसोक्त पळू द्यावं. त्यात गैर काहीच नाही, दीड-दोन मीटरच्या पट्ट्यावर कुत्र्याला धड हुंगताही येत नाही, सगळा वेळ आपल्या चालीने चालायचं आणि घरी आल्यावर अंगातली रग तशीच्या तशी. पण कुठे सोडायचं, कधी सोडायचं आणि हाक मारल्यावर ते परत येणार का, हा विचार खूप जण पट्टा काढून झाल्यावर करतात, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही वापरतो ती लाइन, म्हणजे कुत्र्याला शिकवताना लावायचा लांब पट्टा, १० मीटर लांब आणि १३ मिलिमीटर रुंद आहे, आत पॉलिएस्टरची विणलेली पट्टी आणि वरून गुळगुळीत कोटिंग, दुकानात बायोथेन म्हणून मागितली की साधारण याच प्रकारातलं दाखवतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमची टफी बीगल आहे. ज्यांच्याकडे बीगल आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ही जातच वासाचा माग काढत जायला तयार केलेली, त्यामुळे एकदा नाक जमिनीला लागलं की कानांचा काही उपयोग नाही. घरात डब्याचं झाकण वाजलं तरी धावत येणारी पोरगी बाहेर घसा फोडून हाका मारल्या तरी मान वळवत नाही, आणि हा हट्टीपणा वगैरे अजिबात नाही, त्या क्षणी तिच्या डोक्यात तो वास सोडून दुसरं काही नसतंच. अशा कुत्र्याला "प्रेमाने वाढवलंय, कुठे जाणार आहे" म्हणून मोकळं सोडणं म्हणजे नशिबावर सोडणं.

आणि वेगाचा अंदाज लोकांना नसतो. मध्यम आकाराचं निरोगी कुत्रं ताशी ३० किलोमीटरने आरामात पळतं, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. आपण "अरे अरे" म्हणेपर्यंत ते रस्त्याच्या मध्यात असतं. ग्रेहाउंड तर ताशी ७० च्या आसपास जातो, त्याच्या मागे धावून काय करणार?

आता लाइन हातात कशी काम करते ते सांगते. मी शेवटचं टोक न धरता मधूनच धरते, उरलेली मोठ्या सैल वेटोळ्यांमध्ये डाव्या हातात, आणि टफी पुढे जाईल तशी उजव्या हातातून सरकू देते. परवा झुडपाच्या कडेने ती असंच काहीतरी हुंगत चालली होती, शेपटी वर, पूर्ण तंद्रीत, आणि वळणावरून एक सायकलवाला आला. मी ओढलं नाही. फक्त सरकती लाइन मुठीत हळूहळू आवळत नेली, तिला हार्नेसवर, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्यावर, हलका ताण जाणवला, एक कान मागे फिरला, मग मी नाव घेतलं आणि ती वळून माझ्याकडे आली, उकडलेल्या चिकनचा तुकडा घेतला, सायकल निघून गेली, "जा" म्हटलं की परत त्याच झुडपाकडे. सायकलवाल्याला ब्रेकसुद्धा दाबावा लागला नाही. मला ही लाइन आवडते ती एवढ्यासाठी, कुत्र्याला फिरल्याचं समाधान मिळतं आणि समोरच्याला त्याचा ताप होत नाही.

समोरच्याचा विषय निघालाच आहे तर मनापासून बोलते. "घाबरू नका, तो काही करत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं तरी पोटात गोळा येतो. तुमचा करत नसेल हो, पण समोरून पट्ट्यावर येणारं कुत्रं म्हातारं असेल, त्याचं ऑपरेशन झालेलं असेल, आधी कधी चावा खाल्लेला असेल. पट्ट्यावरच्या कुत्र्याला लांब जायची सोयच नसते, आणि पळता येत नाही म्हटल्यावर उरतं गुरगुरणं आणि चावणं. दोन-चार वेळा अंगावर कुत्री धावून आली की शांत कुत्रंसुद्धा लांबून दुसरं कुत्रं दिसलं तरी भुंकायला लागतं, आणि त्याच्या मालकाचे पुढचे कित्येक महिने ते निस्तरण्यात जातात. धावत येणाऱ्याचा मालक मात्र "खेळतायत" म्हणत लांब उभा. खेळणारी कुत्री सैल असतात, वाकडीतिकडी पळतात, मधेच थांबतात, एकदा हा मागे लागतो एकदा तो. अंग ताठ, मान पुढे, नजर रोखलेली, शेपटी सरळ वर, असं दिसलं तर तो खेळ नाहीये, आपल्या कुत्र्याला लगेच तिथून बाजूला घ्या.

माणसांचंही तसंच. कुत्र्याची भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. तोल सांभाळत चालणारी वयस्कर व्यक्ती तुमच्या वीस-पंचवीस किलोच्या लाडक्याने प्रेमाने उडी मारल्यावरही पडते, आणि त्या वयात पडणं म्हणजे काय ते घरात ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. खेळता खेळता दात किंवा नख लागलं तरी त्या माणसाला जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून डॉक्टरकडे जावंच लागतं, कारण माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यांमुळे होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्यामुळे लाइन असो नसो, कुत्र्याला अँटी रेबीजचं इंजेक्शन वेळच्या वेळी आणि त्याचं कार्ड हाताशी, यात चालढकल नको.

लाइनऐवजी लोक काय काय घेतात तेही बघितलंय. बटण दाबून लांब होणारा, डब्यात गुंडाळला जाणारा पट्टा सगळ्यात जास्त दिसतो. मला तो पटत नाही. त्याची दोरी कायम थोडी ताणलेलीच असते, म्हणजे कुत्रं हेच शिकतं की ओढलं की पुढे जायला मिळतं, शिवाय बारीक दोरीवाला असेल तर ती पोटरीवरून सर्रकन गेली की कातडी सोलून निघते. हातातून सुटला तर तो प्लास्टिकचा डबा खडखडत कुत्र्याच्याच मागे लागतो आणि ते घाबरून आणखी जोरात पळतं.

जीपीएस ट्रॅकर चांगलाच आहे, पण तो कुत्रं कुठे गेलं ते सांगतो, जाण्यापासून अडवत नाही, आणि बहुतेक ट्रॅकर मोबाइल नेटवर्कवर चालतात म्हणजे रेंज गेली की फोनवरचा ठिपकाही जागेवरच. कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपला बरेच जण ट्रॅकर समजतात. तसं नाहीये, चिपमध्ये बॅटरीच नसते, फक्त एक नंबर असतो, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपमध्ये १५ आकडी, आणि कोणीतरी स्कॅनर जवळ धरल्यावरच तो वाचता येतो. तरी चिप घाला, आणि फोन नंबर बदलला तर नोंदणीत पण बदला.

शॉक देणाऱ्या कॉलरबद्दल माझं मत सरळ आहे, घेऊ नका. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. कुत्र्याला झटका कशाबद्दल बसला ते कळेलच असं नाही, समोर त्या वेळी लहान मूल असेल तर झटक्याचा संबंध ते त्या मुलाशी जोडू शकतं, आणि पुढे काय होईल याचा विचार करूनच अंगावर काटा येतो.

आता वापर. लाइन घेतली म्हणजे हाकेला येणं आपोआप येत नाही, ते शिकवावंच लागतं, लाइन फक्त एवढंच बघते की शिकत असताना हाक न ऐकता पळून जाण्याची मजा त्याला चाखायला मिळू नये. सुरुवात घरात, मग शांत मोकळ्या जागी, मग थोड्या वर्दळीत. हाकेचा शब्द एकच ठेवा आणि कुत्रं येईल असं वाटत असेल तेव्हाच वापरा, दहा वेळा ओरडून काही होत नाही, उलट तो शब्द म्हणजे नुसती मागची बडबड असं त्याच्या डोक्यात बसतं. आलं की दर वेळी बक्षीस, आणि ते घरच्या रोजच्या खाण्यापेक्षा भारी हवं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलावून दर वेळी पट्टा लावून घरी नेऊ नका. बोलवा, खाऊ द्या, परत सोडा. हाक म्हणजे मजा संपली असं एकदा त्याला वाटलं की ते दहा पावलांवर उभं राहून तुमच्याकडे बघत बसणार आणि जवळ जायला लागलात की आणखी दहा पावलं. उशिरा आलं म्हणून रागावू तर नकाच, त्याला वाटतं आल्याबद्दलच ओरडा बसला.

साधारण सहा महिन्यांपासून ते दीड वर्षाचं होईपर्यंत कुत्री वयात येतात आणि पिल्लू असताना पायात पायात करणारं तेच कुत्रं ऐकेनासं होतं. खूप जण नेमकं याच्या आधी पट्टा सोडून मोकळे होतात, कारण पिल्लू तर मागे मागे येतच असतं ना. या वयात लाइन काढू नका, हे दिवस निघून जातात.

कॉलरला ही लाइन कधीच लावायची नाही. १० मीटर पळून वेगात आलेलं कुत्रं टोकाला पोचलं की सगळा झटका मानेवर आणि श्वासनलिकेवर येतो. छातीवर इंग्रजी Y अक्षराच्या आकाराचा हार्नेस हवा, आणि हुक पाठीवरच्या कडीत, पुढच्या कडीत नाही, नाहीतर झटका बसला की ते आडवं फिरतं. हाताला गुंडाळू नका, बोट मोडू शकतं. लहान मुलांच्या हातात तर अजिबात नको. आणि दुसऱ्या कुत्र्याबरोबर दंगा करताना लाइन लावलेली नको, चार अधिक चार पायांत ती अशी काही अडकते की सोडवेपर्यंत दोन्ही कुत्री बिथरलेली असतात.

नायलॉनची दोरी पण मिळते आणि हलकी असते, पण ओली झाली की जड, चिखल आणि गवताच्या कुसळांनी भरते, आणि हातातून जोरात सरकली तर तळव्याला चटका बसतो. कोटिंगवाली पाणी पीत नाही, ओल्या फडक्याने पुसली की झालं, कुबट वासही येत नाही. रोज चिखलातून फिरणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

अर्धा स्टार कापला तो ओल्या हातातल्या पकडीसाठी. पावसात ही लाइन सटकते, पातळ ग्लव्ज घातल्याशिवाय मी पावसात नेत नाही, आणि मॅट फिनिशची असेल तर पकड बरी मिळते म्हणून घेताना चकचकीत पेक्षा तीच बघा. शिवाय झाडं जास्त असतील तिथे १० मीटर सांभाळणं कटकटीचं आहे, दर दोन मिनिटाला कुठल्यातरी बुंध्याला वेढा. तिथे ५ मीटरची पुरते.

टफीला आता मोकळं सोडते का? सोडते, पण चारी बाजूंनी कुंपण असलेल्या आणि कुत्री सोडायला परवानगी असलेल्या जागी. बाकी सगळीकडे लाइन, आणि ती आयुष्यभर राहिली तरी माझी हरकत नाही, तिचीही दिसत नाही. पक्षी जमिनीवर घरटी करतात अशी माळरानं, गुरं-मेंढरं चरतात त्या जागा, रस्त्याच्या कडा, इथे तर कितीही शिकलेलं कुत्रं असलं तरी सोडू नये असं माझं ठाम मत आहे. मेंढ्यांमागे कुत्रं नुसतं धावलं, एकीलाही तोंड लावलं नाही, तरी गाभण मेंढीचं पिल्लू पडू शकतं. आणि मोकळ्या कुत्र्याने पन्नास मीटरवर शी केली तर ती कोण शोधणार आणि उचलणार? लाइनवर असलं की निदान कुठे बसलंय ते दिसतं.

घ्यायची असेल तर शेवटच्या टोकाला हँडलचं लूप नसलेली घ्या, कारण शिकवताना लाइन जमिनीवर घासत सोडावी लागते आणि लूप दगडात, झाडाच्या मुळांत अडकतं. लहान-मध्यम कुत्र्याला १३ मिलिमीटर पुरेशी आहे, मोठ्याला १९ ची बघा. हुक भरीव पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा हवा, हुकाजवळचा जोड शिवलेला असेल तर टाके आणि रिव्हेटचा असेल तर रिव्हेट नीट ओढून बघा, तुटली तर लाइन तिथेच तुटते. रंग केशरी किंवा पिवळा घ्या म्हणजे गवतात तुम्हालाही दिसेल आणि समोरून चालत येणाऱ्यालाही.