समासातली कॉप्टिक: यशया घ्यावा की बारा संदेष्टे?

ग्रीक बायबल वाचताना इजिप्तच्या वाचकाने समासात (पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत) आपल्या कॉप्टिक भाषेत काय टिपून ठेवले, हा विषय अभ्यासाला घ्यायचा असेल तर मुख्यतः दोन पपायरस हस्तलिखितांतून निवड करावी लागते: डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातला यशया (त्या संदेष्ट्याचा बायबलमधला ग्रंथ) आणि वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहातले बारा लहान संदेष्टे (होशेयपासून मलाखीपर्यंतचे बारा छोटे ग्रंथ). दोन्ही कोडेक्स, म्हणजे पाने शिवलेली पुस्तके; दोन्ही साधारण तिसऱ्या शतकातले.

टिपांसाठीच जात असाल तर बेलाशक यशया घ्या. फ्रेडरिक केन्यन यांनी 1937 मध्ये तो प्रसिद्ध केला; कॉप्टिक टिपांची बाजू कॉप्टिक कोशकार डब्ल्यू. ई. क्रम यांनी सांभाळली, म्हणजे जाणकार हात लागलेला आहे. या टिपा इजिप्तच्या फायूम भागातल्या जुन्या बोलीत आहेत आणि त्या बोलीचे इतके जुने लेखन फार थोडे उरले आहे. अडचणही तीच. कॉप्टिकचे वर्ग आणि व्याकरणे बहुधा साहिदिक या दुसऱ्या कॉप्टिक बोलीची असतात, तेव्हा फायूमीसाठी वेगळी मेहनत धरा. पाने फाटकी आहेत. एका पानावरून दुसऱ्यावर सलग वाचत जाण्याचे सुख इथे नाही.

ते सुख फ्रीअरमध्ये बरेच मिळते. चार्ल्स फ्रीअर यांनी 1916 मध्ये घेतलेल्या या कोडेक्सची 33 पाने उरली आहेत. सुरुवातीचा होशेय जवळजवळ गेला, पण आमोसपासून मलाखीपर्यंत मजकूर चांगला हाती लागतो. सिनायटिकस या ग्रीक बायबलच्या नामांकित जुन्या हस्तलिखितात होशेय, आमोस, मीखा नाहीतच आणि व्हॅटिकनस हे तसेच दुसरे हस्तलिखित चौथ्या शतकातले, म्हणजे फ्रीअरनंतरचे. त्यामुळे या ग्रीक पाठाचे वजन मोठे. हेन्री सँडर्स यांची 1927 ची आवृत्ती आजही उघडावी लागते. टिपा इथेही आहेत, पण माझ्या मते पाठभेदांत (एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या प्रतींतल्या फरकांत) रमणाऱ्यानेच हा कोडेक्स घ्यावा.

पी 72 या नव्या करारातल्या पत्रांच्या ग्रीक पपायरसची भुरळ पडू देऊ नका. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या समासात ‘सत्य’ या अर्थाचा कॉप्टिक शब्द आहे खरा, पण तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. हॅम्बुर्गच्या द्विभाषी (ग्रीक-कॉप्टिक) कोडेक्समध्ये कॉप्टिक भरपूर, मात्र तिथे ती टीप नसून स्वतंत्र मजकूरच आहे.

काहीही निवडले तरी मूळ मजकुराचा काळ टिपांना आपोआप लावू नका. समासातला हात नंतरचाही असू शकतो. त्याचे अक्षर वेगळे तपासावे लागते.