टाईप-सी पोर्ट एकाच बाजूने चालत असेल तर दुकानदाराला पैसे देऊ नका

बेळगावात लॅपटॉप दुरुस्तीला टाकणाऱ्यांनी हे वाचाच. माझे 6,700 रुपये गेले. पोर्ट 1,200, 'पोर्टची चिप' 4,500, मजुरी 1,000. तेही कच्च्या चिठ्ठीवर. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगाकडे दिलंय.

लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. कार्डातला डेटा बाहेरच्या एसएसडीवर घेतल्याशिवाय माझं पान हलत नाही. पोर्ट ढिला झाला म्हणून लॅपटॉप दिला. परत घेताना त्या माणसाने माझ्यासमोर एसएसडी लावून दाखवली, चालली. मग ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला, केबलच्या टोकावर एक पांढरा ठिपका दिला आणि म्हणाला, "हा ठिपका वर ठेवायचा. नव्या पोर्टला असंच असतंय."

तो ठिपका! सगळी लबाडी त्या ठिपक्यात होती. टाईप-सी आलं 2014 साली, आणि उलटसुलट कसंही लावता यावं म्हणूनच आलं. पण दुसऱ्या दिवशी खानापूरला लग्न, पार्टी फोनवर फोन करतेय, आणि समोरचा कारागीर खात्रीने सांगतोय. अशा वेळी कोण वाद घालत बसेल?

एसएसडी चालायची, पण रखडत. 64 जीबीचं कार्ड उतरवायला अर्धा तास. शेवटी कोल्हापूरला दाखवलं. तिथल्या दुरुस्तीवाल्या मुलाने मायक्रोस्कोपखाली मलाच बघायला लावलं. पोर्टला 24 पिना असतात. त्यात सीसी1 आणि सीसी2 अशा दोन, समोरासमोरच्या रांगांत. केबलमधली सीसीची तार एकच, ती ज्या पिनेला लागते त्यावरून लॅपटॉपला प्लग सुलटा की उलटा ते कळतं, आणि चिप वेगाच्या तारा त्या बाजूला वळवते. माझ्या पोर्टची सीसी2 पिन डागलेलीच नव्हती, म्हणून उलट्या बाजूने काहीच चालत नव्हतं. आणि 4,500 ची चिप? जुनीच, जळलेली, हातही न लावलेली. म्हणून सुलट्या बाजूनेही जुन्या यूएसबी 2 चाच वेग, 480 एमबीपीएस.

पैसे देण्याआधी तिथेच केबल उलटी करून लावा. फोन चार्ज होतोय म्हणजे पोर्ट चांगला, असं समजू नका. मोठी फाईल कॉपी करून वेग बघा, दोन्ही बाजूंनी.

पोलीस ठाण्यात गेलो तर आधी म्हणे अर्ज कन्नडात आणा. बोलायला येतं मला कन्नड, अर्ज लिहायला नाही येत. 1956 पासून आमची हीच परवड. 200 रुपये देऊन लिहून घेतला, तर न वाचताच उत्तर, "हे सिव्हिल मॅटर, इथे येऊ नका." खोट्या चिपचे पैसे उकळणं म्हणजे फसवणूक नाही, मग काय आहे? साधी पोच दिली नाही. बसायलाही सांगितलं नाही. चोर राहिला बाजूला, मीच गुन्हेगार असल्यासारखी उलटतपासणी!

काढलेला जुना भाग मागून घ्या, चिपसुद्धा. पक्कं बिल घ्या, त्यावर भागाचं नाव लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवाले असाल तर जीपेचा पुरावा जपा, माझा आधार आता तोच आहे. ग्राहक हेल्पलाईन 1915. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी ठिपक्याची केबल आणि मायक्रोस्कोपचे फोटो जोडलेत. तारीख अजून लागायची आहे.