साडेतीन लाखांत सासूबाई वारल्या

लेक बारावीला, आणि अमेरिकेत शिकायचं तिचं वेड. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून वाशीला एका कन्सल्टन्सीत गेलो. तिथले सर पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, आयव्ही लीग माझ्यावर सोडा." भिंतीवर आयव्ही लीगचं पोस्टर, त्यात स्टॅनफर्डसुद्धा. आयव्ही लीग ही मुळात आठ विद्यापीठांची खेळांची संघटना, स्टॅनफर्ड त्यात नाहीच, हे तेव्हा ठाऊक असतं तर तिथूनच परत फिरले असते. हार्वर्डला शंभरातले साधारण चार अर्ज लागतात. तिथली हमी कोण देणार? पण शेजारचा मुलगा तिकडे गेला की आपलं डोकं चालेनासं होतं, खोटं कशाला बोलू.

फी साडेतीन लाख. वर 12 कॉलेजांची अर्ज-फी प्रत्येकी 9 हजार, तीही त्यांच्याच खात्यात. (ती बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आत असते आणि आपल्या कार्डाने थेट भरता येते.) अर्जासाठीचा ईमेल त्यांनी उघडला, पासवर्ड त्यांच्याकडे. "मुलं गोंधळ घालतात हो."

लेक तीन वर्षं ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो मोजतेय, वहीत तारीखवार नोंदी आहेत. सरांनी वही उघडलीसुद्धा नाही. "पक्षी नको. इम्पॅक्ट दिसला पाहिजे."

नोव्हेंबरात बाराही अर्ज कॉमन अ‍ॅपवरून (एकच फॉर्म, अनेक कॉलेजं) गेल्याच्या पावत्या हातात आल्या. लेक म्हणाली, "आई, यात एमआयटी आहे. एमआयटी कॉमन अ‍ॅपवर नसतंच, त्यांचा फॉर्म वेगळा." दुसऱ्या दिवशी आम्ही वाशीला हजर. सर बाहेर गेले होते. तिथल्या एका मुलीने बिचारीने लॉगिन करून दिलं.

बारापैकी एकच अर्ज गेला होता. तोही अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला की बाकी सगळं सोडून तिथेच जायचं. त्यावर पालकाची सही लागते. माझी झालेली होती! अ‍ॅक्टिव्हिटीचे दहाच्या दहा रकाने भरलेले: येऊरच्या पाड्यांवर रोबोटिक्स शिकवणाऱ्या संस्थेची संस्थापक, आठवड्याला 12 तास. आम्ही येऊरला जातो ते जेवायला. आणि खाली 'सगळं खरं आहे, लिखाण माझंच आहे' याखाली लेकीचं नाव. असलं खोटं उघडं पडलं तर मिळालेला प्रवेशही जातो. तेव्हा सर नसतात समोर, आपलं मूल असतं.

650 शब्दांच्या निबंधात आजी वारली होती. तिच्या उशाशी बसून लेकीने म्हणे शास्त्रज्ञ व्हायची शपथ घेतली. रात्री सासूबाईंना तो मराठीत सांगितला. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मेले कशाने, ते तरी लिहायचं!"

ईमेल आणि पासवर्ड लेकीने तिथे बसूनच बदलले होते. कॉलेजला मेल करून तो अर्ज मागे घेतला. तुमच्या मुलांचा ईमेल त्यांचाच ठेवा, आणि पावती नव्हे, लॉगिन करून पाहा. आता लेक खाडीवर लिहितेय, वही शेजारी उघडी ठेवून.

पैशांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलंय: सेवा पूर्ण दिलेली आहे, परतावा नाही. पुरावा म्हणून सोबत तोच निबंध जोडलाय.